फुलचूरचा समुद्र

हेमराज गेल्याची बातमी मला हिंदीत कळली. कुडव्याच्या माझ्या दुकानात एका इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरत होतो आणि त्याच्या दुकानाशेजारच्या किराणावाल्याचा फोन आला, "तेजराम भाई, जल्दी आओ, हेमराज सेठ गिर गए हैं." पडला म्हणजे पाय घसरला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत गाडी काढली. त्याचं कृषी केंद्र, पेरणीचे दिवस, दुकानात पोत्यांची थप्पी... चढला असेल कुठेतरी उगाच, सांगून ऐकतो थोडाच. मी पोचलो तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं आणि दवाखान्यात पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. एका शेतकऱ्याला धानाच्या बियाण्याची पिशवी देता देता माणूस खाली बसला, तो उठलाच नाही. चाळीस वर्षांच्या मैत्रीत मला न सांगता त्यानं एकदाही काही केलं नव्हतं. हेच तेवढं केलं.

फुलचूरच्या घरी त्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं. बहीण बालाघाटहून यायची होती, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. त्या खोलीत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याची काचेची टाकी आहे, माणूस आडवा झोपू शकेल एवढी लांब. दिवस कलला तसे टाकीतले दिवे आपोआप निळे झाले. त्यानंच तशी वेळ लावून ठेवली होती. निळा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला, आत मासे फिरत होते, पंप पाणी घुसळत होता, आणि रडणाऱ्या बायका टाकीकडे बघायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "अरे, बंद करा ते." मी त्या माणसाच्या अंगावर ओरडलोच. हेमराजची बायको, आमच्या पुस्तकला वहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

समुद्रापासून इतक्या लांब, धानाच्या आणि तलावांच्या आमच्या गोंदियात कोणी घरात समुद्र मांडतो, हे पेपरात वाचून काहींना हसू येईल. मलाही आलं असतं. पण त्याचं कारण हसण्यासारखं नव्हतं. हेमराज आणि वहिनींचा एकुलता एक मुलगा निखिल मालवाहू जहाजावर नोकरीला होता. आमच्याकडच्या पोरानं रेल्वेत जावं, पोलिसात जावं, हा जहाजावर गेला. अधूनमधून व्हिडिओ कॉल करायचा. एकदा कुठल्याशा बंदरावर सुट्टी मिळाली तेव्हा पाण्याखाली उतरून काढलेला व्हिडिओ त्यानं बापाला पाठवला होता. रंगीत दगडांसारखं प्रवाळ, त्यातून फिरणारे मासे, वरून उतरलेलं ऊन. पुढे काही महिन्यांनी कंपनीचा फोन आला. वादळात डेकवरून पडला, शोध घेतला, सापडला नाही... एवढंच. कागदांसाठी दोघांना मुंबईला जावं लागलं, मीही सोबत होतो. टॅक्सी समुद्राच्या कडेनं निघाली तशी वहिनींनी पदरानं डोळे झाकून घेतले, ते गाडी आतल्या रस्त्याला लागेपर्यंत काढले नाहीत. आजतागायत त्यांनी समुद्र पाहिलेला नाही.

देह मिळाला नाही, म्हणून त्यांनी मुलाचं तेरावंही होऊ दिलं नाही. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकता येते असं भटजींनी सांगितलं, तेव्हा या एरवी कोणाला उलटून न बोलणाऱ्या बाईनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "जिवंत मानसाची क्रिया करता काय तुमी?" मग झोप उडाली. डोळा लागला की दचकून उठायच्या आणि म्हणायच्या, खाली अंधार आहे हो, लेकराले दिसत नसन काही. जेवण सुटलं. ताट समोर ठेवलं की भाताची चार शितं चिवडायच्या. हेमराज माझ्याकडे यायचा, दुकानातल्या स्टुलावर बसून राहायचा, चहा थंड करून परत जायचा. एक दिवस म्हणाला, "तेजराम, मी घरी समुद्र बनवून राहिलो. वायरिंग तुह्याकडे."

मी भडकलो. आ बैल मुझे मार, हेच ना? ज्यानं पोरगा नेला तोच घरात आणून ठेवायचा? तो शांतपणे ऐकत होता. माझं बोलून संपल्यावर म्हणाला, "तिले वाटते खाली नुसता अंधार आहे. पोरानं व्हिडिओ पाठवला तो ती पाहात नाही. मी तिले दाखवतो का खाली उजेड असते, रंग असते... तिले झोप आली पाह्यजे, दुसरं मले काही नको." मी वायरची बंडलं मोजायला घेतली.

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. काच नागपूरहून आली, पिकअपमध्ये खाली तणसाच्या पेंढ्या घालून, आणि उतरवताना आम्ही सहा जण देवाची पालखी उचलावी तसे जपून पाय टाकत होतो. लोखंडी घडवंची इथल्याच वेल्डरकडून करून घेतली. भरलेल्या टाकीचं वजन ऐकून गवंड्यानं आधी फरशी फोडून खाली काँक्रीट भरायला लावलं. बोअरचं पाणी चालत नाही, त्यात क्षार फार. म्हणून पाणी गाळायचं यंत्र बसलं. ते थेंबथेंब गळायचं आणि ड्रम भरायला दिवस दिवस जायचे. समुद्राचं मीठ बादल्यांतून कुरिअरनं यायचं. ते ड्रममध्ये घोळायचं, एका छोट्या दुर्बिणीसारख्या नळीतून खारेपणा बघायचा, कमी असेल तर आणखी मीठ, जास्त झाला तर आणखी पाणी. टाकीच्या खाली दुसरी टाकी, तिथं पाण्यातली घाण फेसाच्या रूपानं वर काढणारं यंत्र. त्या फेसाचा वास असा, की हेमराजची बहीण म्हणाली होती, दादा, संडास फुटला काय? वर दिवे, बाजूला लाटा उठवणारे पंप आणि सगळ्यात महाग म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, कारण आमच्या मे महिन्यात माणसं वाफतात तिथं प्रवाळाची काय कथा. वीज गेली तर तासाभरात सगळं मरू शकतं हे कळल्यावर मी दोन इन्व्हर्टर लावले, एक बंद पडला तर दुसरा.

एवढं करून टाकीत होतं काय? पाणी. भोकाभोकांचे कोरडे दगड, पांढरी वाळू आणि पाणी. आधी त्यात जिवाणू वसावे लागतात, त्याशिवाय जीव सोडता येत नाही, म्हणून महिना-दीड महिना हेमराज रिकाम्या पाण्यापुढे बसायचा. आजूबाजूचे लोक मोठ्या उत्सुकतेनं यायचे आणि तपकिरी शेवाळ बघून परत जायचे. "सेठ, येवढ्यात तर तलाव ठेक्यानं आला असता, रोहू-कतला तरी खाल्ला असता," असं एक जण तोंडावर बोलून गेला. हेमराज हसला. मग दक्षिणेकडून रेल्वेनं पार्सलं यायला लागली. गोंदिया स्टेशनवरच तो थर्माकोलचा डबा उघडून बघायचा. काही पिशव्यांतले मासे मेलेले निघायचे. ते तो तसेच घरी आणून आंब्याखाली पुरायचा. दगडी प्रवाळ पाळायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे, म्हणून मऊ जातीची प्रवाळं तेवढी आणली. एक अळंब्याच्या टोपीसारखं, बाकीची बटणांएवढी, हिरवी आणि केशरी. मी म्हटलं, ही भाजी आहे की प्राणी? तो म्हणाला, थांब. दिवसभर ती मिटलेली होती. संध्याकाळी एकेक बटण उघडलं आणि त्यातून बारीक बोटं बाहेर येऊन पाण्यात हलायला लागली. मी स्टूल ओढून तिथंच बसलो.

वहिनी त्या खोलीत पाय ठेवत नसत. पाहुण्यांना चहासुद्धा दारातून हातात द्यायच्या. पण घर केवढंसं, किती दिवस नजर चुकवणार? एका संध्याकाळी मी बॅटऱ्या तपासत होतो, हेमराज माशांना खायला घालत होता, आणि मागे बांगड्या वाजल्या. वहिनी दारात उभ्या होत्या. उंबऱ्यावरूनच टाकीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "खाली असा उजेड असते?" हेमराजनं वळून न बघता सांगितलं, "हो, असाच. ह्याच्याहून जास्त." त्या रात्री त्या झोपल्या, हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी लहान पोरासारखं दुकानात धावत येऊन सांगितलं. पुढं रोज त्या टाकीपुढं बसायला लागल्या. तांदूळ निवडायच्या तिथंच, मटार सोलायच्या तिथंच. ताटातला भात संपायला लागला. मला वाटलं, जिंकला गडी.

आणि मग प्रवाळ मिटायला लागलं. आधी बटणं उघडेनाशी झाली, मग शेवाळ खायला सोडलेल्या गोगलगाई काचेवरून गळून वाळूत उताण्या पडल्या, टोपीवरून कातडं सुटून लोंबायला लागलं. हेमराज रोज पाणी तपासायचा, रोज पाणी बदलायचा. शेवटी कोणीतरी त्याला तांबं तपासायला सांगितलं. माणसाच्या पोटात तांब्याच्या भांड्यातलं पाणी गुणकारी, पण या जिवांना त्याचा अंशही विष. तपासलं तर पाण्यात तांबं निघालं. तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. त्याच्या दुकानात धानाच्या करपा रोगासाठी निळी पावडर विकली जाते, ती तांब्याचीच. त्याला वाटलं, आपल्याच हातांना लागून ती घरी आली आणि हात टाकीत घातले तेव्हा पाण्यात गेली. त्यानं ती पावडर ठेवणं बंद केलं. गिऱ्हाईक विचारायचं, सेठ, निळी पावडर काऊन नाही? हा दुसरं औषध पुढे करायचा. कोपरापर्यंत हात घासून घासून कातडी सोलून घेतली. तरी मरायचं ते मरतच राहिलं.

सगळं गेल्यावर, वास सुटल्यावर, आम्ही दोघांनी दगड बाहेर काढले. मागच्या कोपऱ्यातला मोठा दगड उचलला आणि खाली वाळूत नाणी दिसली. तांब्याची. काही जुनी भोकाची, काही पूजेच्या दुकानात मिळतात तसली, सगळी हिरवी पडलेली. मला आधी काही कळेना. हेमराजला कळलं. बालाघाटच्या रस्त्यावर बाघ नदीचा पूल आला की त्यांच्या घरात पाण्यात तांब्याचं नाणं टाकायची रीत आहे, आणि त्यासाठी देवघरात एक डबी कायम भरलेली असते. टाकीच्या त्याच कोपऱ्यात वर झाकणाला फट होती. आत स्वयंपाकघरात वहिनी पोळ्या लाटत होत्या, पोळपाटाचा आवाज येत होता. मी हळू आवाजात, पण रागानंच म्हणालो, "अरे, म्हणजे वहिनींनीच..." त्यानं माझं मनगट धरलं. "पोरगा परत दे म्हनून मागतलं असन तिनं, तेजराम. तिले कसं सांगू, का तुह्या मागन्यानंच मेलं सारं?" ओली नाणी त्यानं खिशात टाकली आणि कोणाला न सांगण्याचा शब्द माझ्याकडून घेतला. वहिनींना सांगितलं, दुकानातलं औषध माझ्या हाताला लागलं होतं, त्यानं मेलं. वहिनींनीच त्याची समजूत काढली. म्हणाल्या, "चुकते मानूस. मनाले लावून घेऊ नका."

तांबं एकदा दगडांत आणि काचेच्या सांध्यांत मुरलं की जाता जात नाही. नवी टाकी कर, असं मी म्हटलं. तो म्हणाला, नव्या टाकीतही ती नाणं टाकणारच. टाकू नको म्हटलं तर का ते सांगावं लागेल. म्हणून ज्या प्रवाळापायी त्यानं जिवाचा आटापिटा केला, ते त्यानं कायमचं सोडलं. मासे तांबं थोडंफार सोसतात, तर नुसते मासे ठेवले, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे आणि काही निळे. दगडांवर पुन्हा काही उगवलं नाही. मासे सोडल्यावर पहिल्याच सोमवारी, वहिनींच्या देवळाच्या दिवशी, नाणं पडलं. वहिनी देवळात गेल्या तेव्हा हेमराजनं लांब चिमट्यानं ते काढून घेतलं, नाहीतर साठत जाऊन मासेही मेले असते. त्याचा हेतू एवढाच होता. पण वहिनी परत आल्या, कोपऱ्यात वाकून बघितलं, नाणं नाही. माझ्या बायकोला त्यांनी कानात सांगितलं, "समुद्रानं घेतलं वं बाई. आता घेऊन राहिला. घेते, तो देते बी."

तेव्हापासून दर सोमवारी नाणं पडायचं आणि हेमराज अडकला. सोमवारी तो गाव सोडायचा नाही. भाच्याच्या लग्नालाही मंगळवारी अक्षता सुकल्यावर पोचला आणि बहिणीची बोलणी खाल्ली. अंगात ताप असला तरी चिमटा घेऊन उभा. मला हे पटत नव्हतं, आजही पटलेलं नाही. मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, तू तिला उजेड दाखवायला निघालास आणि खोटी आशा लावून बसलास. तो म्हणाला, "मले समजते. पन ती जेवून राहिली ना..." काढलेल्या नाण्यांचं तो काय करायचा? महिन्या-दीड महिन्यानं मला गाडीवर मागे बसवून बाघ नदीच्या पुलावर न्यायचा. हा माणूस उभ्या जन्मात देवाला हात जोडताना मी पाहिला नाही. पण पुलाच्या कठड्याशी उभा राहून एकेक नाणं सोडायचा. मी एकदा छेडलं, तर म्हणाला, "ही नदी वैनगंगेत जाते, ती जाते तशीच खाली समुद्रात. तिची डाक आहे, मी नुसता पोस्टमन." हसला, आणि मग कठडा धरून रडला. त्याचं रडणं मी तेवढं एकदाच पाहिलं.

हेमराजचं तेरावं झालं. सुतकात वहिनींनी देवघर उघडलं नव्हतं. त्यानंतरच्या सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला, "भाऊजी, येता काय?" मी गेलो. वहिनी टाकीपुढं जमिनीवर बसल्या होत्या. कोपऱ्यात, पांढऱ्या वाळूवर, सकाळचं नाणं पडलेलं होतं.

"समुद्रानं घेतलं नाही," त्या म्हणाल्या.

मी येताना रस्त्यात काय काय रचलं होतं. सुतक नुकतंच फिटलं, म्हणून घेतलं नसेल... असलं काहीतरी. त्यांच्याकडे बघितलं आणि ते सगळं सोडून दिलं.

"हे काढत होते?"

"हो."

"दर सोमवारी?"

"हो, वहिनी."

मासे काचेशी येऊन तोंड उघडझाप करत होते, खायची वेळ झाली होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "पहिलं... ते फुलाफुलांचं मेलं, ते बी ह्याच्यानंच?" हेमराजनं माझं मनगट धरलं होतं ते मला आठवलं. पण ज्याला दिलेला शब्द पाळायचा तोच गेला होता, आणि ही बाई माझ्याकडून आणखी एक खोटं मागत नव्हती. मी मानेनंच हो म्हटलं. "मंग मले बोलले काऊन नाही," त्या म्हणाल्या. "रागावले असते... एक डाव मारलं असतं तरी चाललं असतं."

त्या उठल्या. झाकण सरकवलं, बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. इतकी वर्षं टाकीपुढं बसल्या, पण त्या पाण्याला त्यांचा हात कधी लागला नव्हता. नाणं काढून त्यांनी घडवंचीवर ठेवलं. मग ओली बोटं तशीच ओठांना लावली आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"इतकं खारं?"

त्यांनी पुन्हा बोटं ओठांना लावली.

"इतकं खारं पानी पेला असन लेकरू?"

निखिल गेल्याला इतकी वर्षं झाली, पण तो बुडाला असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. हेमराजला ते कधीच ऐकायला मिळालं नाही. ते चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही. त्या खाली बसल्या आणि रडल्या, मुलासाठी आणि नवऱ्यासाठी एकदमच. बऱ्याच वेळानं डोळे पुसून म्हणाल्या, "पेपरात यांच्यावर लिहिनार म्हनत होते ना तुमी? लिहा, सारं लिहा. आन् निखिलचं नाव बी घाला, त्याचं कोनी कुठंच छापलं नाही."

मी निघालो तेव्हा त्यांनी पंपाकडे बोट दाखवलं. "भाऊजी, त्या लाटा बंद करून द्या. आवाज सोसत नाही."

"मासे मरतील, वहिनी."

त्यांनी टाकीकडे पाहिलं. केशरी माशांची जोडी अजून काचेशीच होती.

"मंग राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि माशांना काय खायला घालायचं ते मला विचारलं.